थोराचं लाकूड

आमच्या बेटावर झाड नाही. एक होतं, शाळेच्या भिंतीआड, गुडघाभर उंचीचं. ते मेंढीनं खाल्लं. तेव्हापासून लाकूड म्हणजे समुद्र आणून टाकील ते. आणि समुद्र काय वाट्टेल ते आणतो: खलाशांचे बूट, मासेमारांची पिंपं, एकदा तर अख्खा पियानो, फक्त पट्ट्यांशिवाय. मागितलेलं मात्र आणत नाही.

थोरा सीटरनं त्याच्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. स्वतःच्या शवपेटीपुरतं लाकूड.

यावरून ती खिन्न बाई असेल असं वाटू नये. खिन्न माणसं आमच्याकडे पुष्कळ आहेत, हिवाळा त्यासाठीच असतो. थोरा खिन्न नव्हती, उर्मट होती. इतकी उंच, की माझ्या दुकानात शिरताना वाकायची आणि चौकटीला शिवी द्यायची. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची हयात गेली. बेटावरची दोन पिढ्यांची पोरं तिच्या बटाटा-सलगमाच्या लगद्यावर वाढली आणि तिच्या जिभेखाली सरळ झाली. जी झाली नाहीत ती बोटीनं शहरात, कर्कवॉलला जाऊन सरकारी नोकरीला लागली.

शवपेटीचं वेड तिच्या आईमुळे. म्हातारी जानेवारीत गेली. पेटी कर्कवॉलहून बोटीनं यायची, आणि वारा बोट सोडेना. म्हातारी आठवडाभर बैठकीच्या खोलीत, खिडक्या सताड उघड्या टाकून, पडून राहिली. भेटायला येणारे कोट न काढता बसायचे आणि चहा गार व्हायच्या आत उठायचे.

"आईनं जन्मात कुणाची वाट पाहिली नाही," थोरा म्हणाली, "आणि मेल्यावर बोटीची पाहत बसली. मी नाही बसणार. माझी पेटी माझ्या गोठ्यात तयार पाहिजे. मेले की लगेच निघाले."

निवृत्त झाल्यावर तिनं नॉरविकचा किनारा अंगावर घेतला. बेटाच्या उत्तर टोकाला, टॅमो हारकसच्या शेतापलीकडे, रस्ता एका गेटापाशी संपतो आणि मग पांढऱ्या वाळूची लांबच लांब पट्टी लागते. तिथं घर नाही, दिवा नाही. समोर ध्रुवाच्या बर्फापर्यंत नुसतं पाणी. तो किनारा दर आठवड्याला चालून पाहायला, पक्षी, सील, तेलाचे डाग, वारा, पाणी यांची माहिती कळवायला दक्षिणेतल्या एका पक्षीमंडळाला माणूस हवा होता. फुकट. थोरानं होकार कळवला, कारण तिला नाहीतरी तिथं लाकूड बघायला जायचंच होतं.

तिचं निरीक्षण अचूक असायचं असं म्हटलं तर ती थडग्यातूनही हसेल. एकदा तिनं महिनाभर एका काळ्या पिंपाची 'सील, एक, तब्येत बरी दिसत नाही' अशी खबर दिली. कुरव पक्ष्यांच्या जाती तिला कधीच ओळखू आल्या नाहीत. 'चोर, मोठे' आणि 'चोर, लहान' एवढ्या दोनच जाती तिला मान्य होत्या. वाऱ्याबद्दल ती 'उत्तरेचा, उद्धट' असं लिहायची. मंडळानं कळवलं की कृपया वेग लिहावा. पुढच्या वेळी तिनं लिहिलं, 'उत्तरेचा, घाईत'.

पण जे घरट्यावर बसलंय त्याच्या वाटेला कुणी जायचं नाही, या एका बाबतीत ती कर्मठ होती. पाळक प्रिंगलबाबांचा कुत्रा सुरय पक्ष्यांच्या अंड्यांत शिरला, तेव्हा तिनं रविवारी, चर्चच्या दारात, सगळ्यांसमोर विचारलं होतं, "बाबा, तान्ही बाळं मारणाऱ्या हेरोद राजाचं प्रवचन कुत्र्यालाच दिलंत, की आम्हालाही देणार आहात?"

भरती उतरताना वाळूवर शेवाळाची रेघ सोडून जाते. आता आमच्या किनाऱ्याचा कायदा सांगायला हवा. तो एका वाक्याचा आहे. शेवाळाच्या सर्वांत वरच्या रेघेपलीकडे जे ओढून नेलं आणि ज्यावर दगड ठेवला, ते दगड ठेवणाऱ्याचं. रेघेखाली आहे तोवर ते कुणाचंच नाही. दगडाखालची फळी वर्षानुवर्षं कुजत पडली तरी तिला कुणी हात लावत नाही. या बेटावर लोकांनी एकमेकांच्या बायका पळवल्या आहेत, मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणा बदलल्या आहेत. पण दगडाखालचं लाकूड कुणी उचललं, असं अजून झालेलं नाही.

थोराचं आणि टॅमोचं फाटलं ते याच कायद्यापायी. फार पूर्वी नॉरविकला जहाजाचं एक हिरवं दार लागलं होतं, पितळी मूठ असलेलं. थोरानं ते आधी पाहिलं. ओढायला दोरी आणायला म्हणून ती घरी गेली. परत येते तो दार रेघेच्या वर, त्यावर दगड, आणि दगडाशेजारी पाइप ओढत बसलेला टॅमो. कायद्यानं दार टॅमोचं. त्यानं ते खुराड्याला बसवलं. तेव्हापासून थोरा त्याच्याशी बोलत नव्हती. टॅमो तिच्या खांद्याला लागेल एवढा, गुटगुटीत, एकटा गडी. त्यालाही बोलायची हौस नव्हती, पण न बोलण्याची मात्र फार होती.

बोलायचंच झालं तर दोघं माझ्या दुकानात, माझ्यामार्फत बोलत. तेही एकाच वेळी गल्ल्यापाशी उभे राहून.

"त्याला सांग, त्याच्या कोंबड्या माझ्या दारामागं झोपतात. भाडं द्यायला सांग."

"तिला सांग, अंडी देतात त्या. हवी तर घेऊन जा म्हणावं."

"त्याला सांग, त्याच्या कोंबडीचं अंडं खाण्यापेक्षा मी पियानो खाईन."

मी कुणालाच काही सांगत नसे. पाव तोलत असे.

मार्चच्या वादळात ओंडका आला. कुठल्यातरी सैबेरियन नदीनं सोडलेला, साल गेलेला, रुपेरी, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा. वादळानं तो खूप वर आणून टाकला होता. पण रेघेच्या खाली, फक्त हातभर. थोरा दुकानात आली तेव्हा चौकटीला शिवी द्यायलाही विसरली.

"आला," ती म्हणाली.

"कोण?"

"मी ज्यात झोपणार तो."

पण हातभर म्हणजे हातभर. तो ओंडका ओढायला ट्रॅक्टर आणि साखळी हवी. किनाऱ्यावर उतरणारं गेट टॅमोचं आणि ट्रॅक्टरही टॅमोचा. टॅमोला दुसऱ्याच दिवशी कळलं.

"तिला सांग," तो मला म्हणाला, थोरा शेजारी उभी असताना, "एकदा नुसतं 'टॅमो, ओढून दे' म्हण. ओढून देतो. फुकट."

"त्याला सांग, आधी माझं दार काढून आण. मग म्हणते."

"मग राहू दे म्हणावं ओंडका. रेघेखाली आहे. मलाही गोठ्याला तुळई हवीच आहे."

"हात लावून तर बघ म्हणावं!"

एप्रिल असाच गेला. तो न्यायचा नाही, कारण तिनं मागावं अशी त्याची इच्छा. ती मागायची नाही, कारण ती थोरा. ओंडका हातभर खाली पडून दोघांची गंमत बघत होता. मग मे महिन्यात तिसरंच कुणीतरी त्यावर हक्क सांगायला आलं.

ते समुद्री बदक. आमच्याकडे त्याला डंटर म्हणतात. मादी तपकिरी, चटईच्या तुकड्यासारखी. नर काळे-पांढरे, पोशाखी, पाण्यावर घोळका करून "अऽऽऊ, अऽऽऊ" करत बसणारे, जणू कुणाच्या तरी मुलीबद्दल काहीतरी भयंकर नुकतंच कानावर आलंय. अंड्यांवर मादी एकदा बसली की जवळपास महिनाभर उठत नाही, खातही नाही. नर थोड्याच दिवसांत निघून जातात. थोरा म्हणायची, चर्चमधल्या लग्नांपेक्षा यात निदान लपवाछपवी नाही.

या डंटरनं ओंडक्याच्या आडोशाला, वाऱ्यापासून वाचेल अशा खोलगटात, छातीची पिसं उपटून घरटं केलं. नेमका त्याच आठवड्यात टॅमोनं दुकानात जाहीर केलं, "झालं तेवढं पुष्कळ. उद्या साखळी लावतो. माझ्यासाठी."

थोरा तेलाचा डबा घेत होती. तिनं तो खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता, सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली, "नाही लावायचीस. डंटर बसलीय."

टॅमो आधी मागं वळून बघायला लागला, ती कुणाशी बोलतेय म्हणून.

"बदक?" तो म्हणाला. "कालपर्यंत नव्हतं ते! ओंडका हातचा जायला लागला तर बदक आलं?"

"ये बघायला."

आम्ही गेलो: टॅमो, मी, आणि वाटेत भेटलेले पाळक प्रिंगलबाबा. ते तसे भले गृहस्थ, दक्षिणेतून आलेले. सृष्टीची करणी त्यांना जवळून बघायची होती. ते फारच जवळ गेले. डंटर उडाली, आणि उडता उडता या जातीच्या माद्या करतात तेच तिनं केलं: मागचं सगळं अंड्यांवर आणि बाबांच्या बुटांवर सोडून दिलं. तो वास मी वर्णन करणार नाही. बाबांनी ते बूट पुढं कधी चर्चमध्ये घातले नाहीत.

"पाहुण्यांचं स्वागत असंच करावं," थोरा म्हणाली. "मागं व्हा आता सगळे. थंड पडतील अंडी."

आम्ही लांब वाळूवर पालथे पडलो. डंटर बऱ्याच वेळानं चालत परत आली, अंड्यांवर बसली, तिनं चोचीनं पिसं सारखी केली. टॅमो तिच्याकडे बघत राहिला.

"पोरं निघेपर्यंत थांबतो," तो उठत म्हणाला. "पण सांगून ठेवतो थोरा, ओंडका रेघेखालीच आहे. ती उठली की जो आधी पोचेल त्याचा."

"तुझे पाय केवढे आणि माझे केवढे," थोरा म्हणाली.

जून उजाडला आणि हवामानवाल्यांनी रेडिओवर सांगितलं: उत्तरेचा वारा, सोसाट्याचा, ऐन उधाणाच्या भरतीला. उन्हाळ्यात असं क्वचित होतं. होतं तेव्हा पाणी हिवाळ्यासारखं वर चढतं. ओंडका तरंगला असता. एक तर निघून गेला असता, नाहीतर गडगडत घरट्यावर आला असता. ओढावा तर साखळीनं घरटं उधळणार. ओढू नये तर पेटी गेली, आणि कदाचित बदकही.

थोरा त्या दिवशी दुकानात आली नाही. आली नाही म्हणून मी गाडी काढून नॉरविकला गेलो. बघतो तर ती पँटचे पाय गुंडाळून, दातेरी फावडं घेऊन, ओहोटीच्या खडकांवरून शेवाळाचे दांडे वर आणत होती. मनगटाएवढे जाड, बुळबुळीत दांडे. ओंडक्याच्या समुद्राकडच्या बाजूला, घरट्यापासून पुरेसं अंतर ठेवून, ती त्यांची भिंत रचत होती. डंटर डोळे मिटून बसली होती. गेल्या कित्येक दिवसांत तिला थोराची सवय झाली होती, जशी आम्हा सगळ्यांना नाइलाजानं होते.

"हे काय?" मी म्हटलं.

"शेवाळ."

"ते दिसतंय."

"मग रेघही दिसत असेल." तिनं फावडं टेकलं. "शेवाळाची रेघ. आणि ओंडका कुठं आहे रेघेच्या?"

मी बघितलं. वरची जुनी रेघ तिनं, घरटं टाळून, खरडून भिंतीत घातली होती. ओंडका वर होता.

"थोरा, रेघ समुद्रानं ओढायची असते."

"असं कुणी म्हटलंय? कायदा म्हणतो, शेवाळाच्या रेघेच्या वर. ते कुणी आणलं हे कायदा विचारत नाही. मी ओंडका वर नेऊ शकत नाही. मग रेघ खाली आणली." आणि वाळूतला एक गोल दगड उचलून, डंटरकडे पाठ न करता हळूच पुढं जाऊन, तिनं तो ओंडक्यावर ठेवला.

दुपारपर्यंत निम्मं बेट कुंपणापाशी उभं होतं आणि भांडत होतं. एडविन मूडी, आमचा सुतार, म्हणत होता की हे शुद्ध लबाडीचं काम आहे, म्हणजेच कायदेशीर आहे. दुसरे म्हणाले, उद्या कुणीही शेवाळ घेऊन उठेल आणि समुद्रच आपला म्हणेल. प्रिंगलबाबा म्हणाले, कायद्याचा आत्मा बघायला हवा. "आत्मे तुमच्याकडे," थोरा खालून ओरडली, "शेवाळ माझ्याकडे!"

सगळे टॅमोची वाट बघत होते. तो आला, कुंपणावर कोपरं टेकून भिंत बघितली आणि घरी गेला. लोकांना वाईट वाटलं. त्यांना भांडण हवं होतं.

पण थोड्याच वेळात ट्रॅक्टर आला. मागं गाडी, गाडीत शेताच्या खतासाठी साठवलेलं शेवाळ, काठोकाठ, कुजकं, वाफाळतं. टॅमो भिंतीच्या टोकाशी थांबला आणि सगळी गाडी रिती केली.

"तुला कुणी बोलावलं?" थोरा म्हणाली.

"कुणी नाही. भिंत वाकडी आहे तुझी. बघवेना."

"दगड बघितलास ना वरचा?"

"बघितला. आंधळा नाही मी. बुटका आहे."

मग दोघं संध्याकाळपर्यंत तिथं होते. बोलत नव्हते, पण आता ते न बोलणं वेगळं होतं. कामात असलेल्या माणसांचं होतं.

सकाळच्या भरतीला वारा आला. आम्ही कुंपणाच्या आडोशानं बघत होतो, थोबाडावर वाळू झेलत. पहिल्या लाटा भिंतीवर फुटल्या. मग भिंतीचं वरचं टोक गेलं, मग मधला भाग बसला, आणि पाणी आत आलं. फेसाळ, तपकिरी, टॅमोच्या खताच्या रंगाचं. ओंडका हलला. एक टोक उचललं गेलं, समुद्राकडे वळलं. थोरानं माझा दंड इतका घट्ट धरला की आठवडाभर निळा होता. पाणी डंटरच्या छातीपर्यंत चढलं. ती नुसती मान आत घेऊन बसली, पाव घ्यायला रांगेत उभ्या असलेल्या बाईसारखी: पावसाला पडू दे, मी नंबर सोडणार नाही.

मग पाणी उतरलं. ओंडका पुन्हा टेकला, जिथं होता तिथून वीतभर बाजूला, घरट्यापासून दूर. दगड अजून वर होता.

टॅमोनं टोपी काढून पिळली. थोरानं माझा दंड सोडला आणि म्हणाली, "बघ ना, वाकडीच आहे अजून."

चार पिल्लं निघाली. दोन अंडी वांझोटी राहिली, बहुधा प्रिंगलबाबांमुळे. एका सकाळी डंटर उठली, आणि सगळं कुटुंब मोडक्या भिंतीवरून, शेवाळावरून घसरत, पडत समुद्रात गेलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. थोरानं मंडळाला कळवलं: 'डंटर, एक अधिक चार. वारा, उत्तरेचा, वागणूक वाईट.'

आता टॅमोनं ओंडका ओढला, फुकट, न मागता. एडविननं तो कापायला घेतला आणि आम्हाला बोलावून दाखवला. ओंडक्याला समुद्रातला किडा लागला होता. एक टोक चाळणीसारखं. वाटेत सैबेरियापासून त्यानं जेवढं खाता येईल तेवढं खाल्लं होतं.

"उरलेलं लाकूड छान आहे," एडविन म्हणाला. "पण लांबी कमी भरते, थोरा. तुझ्या गुडघ्यापर्यंत होईल पेटी. झाकणाला तर काहीच उरत नाही."

"पाय दुमडून झोपेन."

"मेल्यावर पाय दुमडत नाहीत गं. एकदा ताठले की ताठले."

"मग करून तर ठेव. धान्य भरीन."

पेटी झाली. सुंदर झाली, रुपेरी, बिनझाकणाची. टॅमो ती बघायला आला आणि कुणी काही म्हणायच्या आत बूट घालूनच आत जाऊन झोपला. डोकं इकडच्या फळीला, टाचा तिकडच्या फळीला, मापात. सगळे हसले, टॅमो सर्वांत मोठ्यानं.

"ऊठ," थोरा म्हणाली, "नाहीतर आहेस तसा खिळे ठोकीन."

पुढचा हिवाळा गेला. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, ख्रिसमसनंतर, कोंबड्यांना दाणे टाकता टाकता टॅमो खुराड्यासमोर पडला तो उठला नाही. वारा पश्चिमेचा होता आणि बोट बंद होती. एडविन म्हणाला, कर्कवॉलहून पेटी कधी येईल ते देवाला आणि बोट कंपनीला माहीत, आणि दोघंही फोन उचलत नाहीत.

थोरा दुकानात आली. चौकटीला डोकं आपटलं तरी शिवी दिली नाही. मग म्हणाली, "माझी पेटी धुऊन ठेवलीय. ओट काढून टाकले."

"थोरा," मी म्हटलं, "ती तुझी आहे."

"माझी आहेच. पण मला बसते का? आणि तो खिडक्या उघड्या टाकून पडून राहिला तर कोंबड्या आत जातील." तिनं एक पाव उचलला, परत ठेवला. "झाकण मात्र त्याच्याकडचं घेऊ."

ती आणि एडविन पेचकस घेऊन गेले आणि खुराड्याचं हिरवं दार काढलं. कोंबड्या बाहेर येऊन बघत उभ्या राहिल्या. दार पेटीवर जवळजवळ बरोबर बसलं. एडविननं विचारलं, मूठ कुठल्या बाजूला ठेवायची.

"बाहेरच्या," थोरा म्हणाली. "आतून उघडायला नको."

दफनाच्या दिवशी वारा एवढा होता की प्रिंगलबाबांचे शब्द त्यांच्या तोंडातून निघून थेट नॉर्वेकडे जात होते. पेटी दोरांवर ठेवली. हिरवं दार, वर पितळी मूठ, चकचकीत घासलेली. तेवढ्यात थोरा पुढं आली, कोटाच्या खिशातून नॉरविकचा एक गोल दगड काढला आणि दाराच्या मधोमध ठेवला.

बाबांनी शांतपणे तो उचलायला हात पुढं केला.

"बाबा," एडविन म्हणाला. बाबा थांबले. आजूबाजूला बघितलं. टोप्या काढून उभा असलेला अख्खा गाव त्यांच्या हाताकडे बघत होता.

"हा कसला दगड?" बाबांनी हळूच विचारलं.

"लाकूड तिचं आहे," एडविन म्हणाला. "तो नुसता वापरतोय."

बाबांनी हात मागं घेतला. पेटी दगडासकट खाली गेली. दोर हलले तेव्हा दगड थोडा घरंगळला, मुठीला टेकला, आणि तिथंच राहिला.

चहाला थोरा थांबली नाही. वारा आता उत्तरेला वळत होता, म्हणजे नॉरविकला लाकूड लागणार. तिनं हुडाची गाठ मारली आणि नॉरविकच्या रस्त्याला लागली. गेटापाशी, जिथं आता ट्रॅक्टर घेऊन कुणी येणार नव्हतं, ती दोरी खांद्यावर टाकताना दिसली. चांगली लांब दोरी होती.